ट्रामलाइन

'ट्रामलाइन' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो खडकवासल्याला, एनडीएच्या पहिल्या टर्ममध्ये. तोपर्यंत ट्राम पाहिलेलीसुद्धा नव्हती. पँटच्या एका क्रीजशेजारी चुकून दुसरी क्रीज पडली की तिला फौजेत ट्रामलाइन म्हणतात. ड्रिल उस्तादांनी माझ्या गुडघ्याकडे बघून विचारलं, "साब, ये ट्राम कहाँ जा रही है?" मला उत्तर सुचायच्या आत मी रायफल डोक्यावर धरून ग्राउंडला चकरा मारत होतो.

पंचवीस-सव्वीस वर्षांनी पोस्टिंग कोलकात्याला आली आणि खरी ट्राम दिसली. १८७३ मध्ये इथे घोड्यांची ट्राम धावली, १९०२ मध्ये विजेची आली. आमचा मुक्काम फोर्ट विल्यममध्ये, म्हणजे आताच्या विजय दुर्गमध्ये. गणवेश कडक ठेवायला याहून वाईट हवा शोधून सापडणार नाही. सकाळी सुरीसारखी असलेली क्रीज दहा वाजेपर्यंत ओल्या पापडासारखी होते. इथला धोबी खळीला 'माड' म्हणतो, युनिटमध्ये 'कलफ' म्हणतात, माझी आई 'खळ' म्हणायची. शब्द तीन, पण भाताचं पाणी एकच.

कपड्यांना घड्या घालण्याचा या शहराचा शौक फौजेहून वेगळा आहे. जुन्या कोलकात्यातले बाबू लोक बारीक निऱ्या घातलेलं 'कोंचानो' धोतर नेसायचे आणि वर 'गिले-करा' पंजाबी, म्हणजे चुण्या पाडलेल्या बाह्यांचा तलम कुर्ता. गिले म्हणजे एक चपटी, टणक बी. ती कापडावर दाबून, घासून बाहीला चुण्या पाडतात. ही बी हातात घेतली आणि ओळखली. ही तर आपल्या कोकणातली गारंबी!

फौजेची कथा उलटी आहे. १८४६ मध्ये हॅरी लम्सडेनने पेशावरला 'गाइड्स' ही पलटण उभी केली आणि तिला अंगाला घट्ट बसणाऱ्या लाल कोटाऐवजी मातकट, सैल कपडे दिले. खाक म्हणजे धूळ, त्यावरून खाकी. हेतू दोनच होते: शत्रूला दिसू नये आणि उन्हात जीव गुदमरू नये. पुढे शांततेच्या काळात छावण्यांनी त्याच खाकीला खळ घालून असं ताठ केलं की हाफपँट जमिनीवर आपोआप उभी राहते, असा विनोद रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात खाकी उठून दिसू लागली, तेव्हा हिरवा रंग आला.

क्रीज समोरच हवी, हाही काही देवाचा नियम नाही. दिल्ली दरबारानंतर डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज कोलकात्याला आले. नौदलात वाढलेला हा राजा पँटची क्रीज बाजूला पाडून घ्यायचा. ब्रिटिश खलाशांच्या पँटला तर आडव्या घड्या असायच्या, कारण जहाजावरच्या लहानशा जागेत ती घडी करून ठेवावी लागे.

आता थोडं कामाचं. सुती धाग्यातले रेणू एकमेकांना हलकेच धरून असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की ती पकड सुटते आणि कापड सुकताना नव्या जागी पुन्हा बसते. दमट हवा तीच पकड परत सोडवते. खळ धाग्यांना ताठ करून थोडा वेळ मिळवून देते, इतकंच. टेरिकॉटमधला पॉलिएस्टर तापल्यावर मऊ होतो आणि थंड होताना घडी धरून ठेवतो, चुकीची असली तरी! म्हणून जुन्या रेषेवरच इस्त्री फिरवायची. लोकरीवर ओलं फडकं ठेवल्याशिवाय इस्त्री टेकवायची नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गरम पँट लगेच चढवायची नाही. टांगून पूर्ण थंड होऊ द्यायची.

१५ जानेवारी २०२२ ला आलेल्या नव्या कॉम्बॅट गणवेशाला यातलं काहीच लागत नाही. बरेच माजी सैनिक याबद्दल कुरकुरतात, "टर्नआउट राहिला नाही." मलाही तसंच वाटायचं.

गेल्या डिसेंबरात बाबा इथे आले. ते बेळगावला रिक्रूट झाले आणि १९७१ मध्ये पहिल्या मराठा बटालियनमध्ये, जंगी पलटणीत, शिपाई होते. पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागे जाऊन बसली होती. १०-११ डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निसटायला आलेल्या शत्रूला त्यांनी तिथेच अडवलं. १६ डिसेंबरला पहाटे उठून पाहतो तर बाबा स्वतःच पँटला इस्त्री करत होते.

"बाबा, धोबी आहे ना."

"असू दे. माझं मी करतो."

"जमालपूरला कोण करायचं इस्त्री?"

ते हसले. "कसली इस्त्री? कपडे अंगावर भिजायचे, अंगावरच सुकायचे. पंधरा दिवस बूट काढला नव्हता."

"मग आज कशाला एवढं?"

त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. "जे तिथंच राहिले, त्यांच्यासमोर उभं राहायचंय. चुरगळलेला जाऊ का?"

त्या दिवसापासून मी टर्नआउटवरून वाद घालत नाही. लढाईच्या कपड्याला क्रीज नसावी, तेच बरोबर आहे. खळीने ताठ झालेलं कापड घाम टिपत नाही आणि झाडीत आवाज करतं. क्रीज ही मागे उरलेल्यांची गोष्ट आहे, ज्यांना इस्त्री करायला वेळ मिळाला त्यांची.

विजय स्मारकाजवळ बाबा छातीवर मेडल लावून सावधानमध्ये उभे होते. हात आता थोडा थरथरतो. उजव्या पायावर, गुडघ्याच्या वर, चांगली चार बोटं लांब ट्रामलाइन पडली होती.

मी ती पाहिली आणि सॅल्यूट केला.