वरून की खालून?

मुंबईहून गोव्याला मोटारीने निघालेल्या माणसाला पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर एक निर्णय घ्यावा लागतो. उजवीकडे वळले की पेण, महाड, चिपळूण, राजापूर, सावंतवाडी असा थेट दक्षिणेचा रस्ता लागतो. न वळता पुढे गेले की खंडाळ्याचा घाट चढून पुणे, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर करीत, आजरा-आंबोलीमार्गे पुन्हा खाली उतरावे लागते. ड्रायव्हर मंडळींच्या बोलीत पहिला रस्ता 'खालून' आणि दुसरा 'वरून'. नकाशावर बोट ठेवले तर खालचा रस्ता सरळ दिसतो. घड्याळ पाहिले तर गेली वीस-पंचवीस वर्षे वरचाच रस्ता जिंकत आला आहे.

२०१४ च्या डिसेंबरात संत फ्रान्सिस झेविअर यांच्या पवित्र शवदर्शनासाठी आमच्या धर्मग्रामातून दोन बसगाड्या निघाल्या, तेव्हा हा वाद चर्चच्या आवारात चांगलाच रंगला. एस.टी.तून निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले, "गोव्याला जायला पुण्याला कशाला जायचे? हा म्हणजे द्राविडी प्राणायाम!" गाडीचा ड्रायव्हर तरुण होता. तो शांतपणे म्हणाला, "फादर, खालून गेलो तर मी वेळ सांगणार नाही." अखेर जाताना वरून आणि येताना खालून, अशी तडजोड झाली. तडजोडीने कुणाचेच समाधान होत नाही, हा अनुभव धर्मगुरूंना नवा नाही.

परंतु त्या वादाने आमच्या मनात एक प्रश्न ठेवला. सरळ रस्ता संथ आणि वळसा जलद, असे मुळात का व्हावे?

उत्तराचा आरंभ सह्याद्रीपाशी आहे. कोकणातील नद्या पूर्वेकडील डोंगरात उगम पावतात आणि थोडके अंतर धावून पश्चिमेला समुद्रास मिळतात. पाताळगंगा, अंबा, कुंडलिका, सावित्री, जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, अर्जुना, कर्ली, तेरेखोल ही नावे मुंबईहून निघालेल्या माणसाने एकामागून एक पुलांवर वाचायची. उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता या साऱ्यांना आडवा छेदतो. दोन नद्यांच्या मध्ये डोंगराची सोंड असते. म्हणजे चढा, उतरा, पूल ओलांडा, पुन्हा चढा. भूगोलाने कोकणाला पूर्व-पश्चिम अशा पट्ट्यांत कापून ठेवले आहे.

म्हणूनच जुन्या काळी कोकणाचा व्यापार उत्तर-दक्षिण असा जमिनीवरून फारसा चाललाच नाही. तो बंदराकडून घाटाकडे चालला. चिपळूणचा माल कुंभार्ली घाटाने कऱ्हाडला, राजापूरचा अणस्कुऱ्याने कोल्हापूरकडे, वेंगुर्ल्याचा आंबोलीच्या बाजूने बेळगावला चढे. बैलांच्या तांड्यांना नदीच्या काठाकाठाने डोंगर गाठणे सोपे होते, नद्या ओलांडीत बसणे नव्हे. मुंबई-गोवा ही ज्याला आज आपण सरळ वाट म्हणतो, ती त्या माणसांच्या लेखी जमिनीवर नव्हतीच. ती पाण्यावर होती.

संत फ्रान्सिस झेविअर वसईला आले ते समुद्रमार्गे. १५४४ साली ते पोर्तुगीज गव्हर्नरांच्या भेटीसाठी आले, १५४८ साली पुन्हा. आमच्या पूर्वजांनी त्यांना पाहिले असेल तर गलबतातून उतरताना. पुढे वाफेचे युग आले आणि त्याच वाटेवर आगबोटी धावू लागल्या. भाऊच्या धक्क्यावरून निघालेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीला पोहोचे. अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे; भर समुद्रात पडावात उतरावे लागे, आणि ट्रंका, कोंबड्या, तान्ही मुले हातोहात खाली जात. ओकाऱ्यांनी बेजार झालेले प्रवासीसुद्धा ही वाट सोडीत नसत, कारण ती त्यांच्या गावापाशी थांबे.

मात्र पावसाळ्यात समुद्र बंद. मग गोव्याच्या माणसाला उरे ती रेल्वे. ती मुंबईहून पुणे, मिरज, लोंढा करीत कॅसल रॉकच्या घाटाने गोव्यात उतरे. मुरगावपासून घाटापर्यंतचा हा लोहमार्ग १८८० च्या दशकात झाला. १९५२ च्या शवदर्शनाला, संतांच्या निधनाच्या चारशेव्या वर्षी, मुंबईकडचे यात्रेकरू एक तर आगबोटीने जात किंवा या वळशाच्या गाडीने. 'वरून की खालून' हा वाद मोटारींनी निर्माण केलेला नाही, तो फार जुना आहे.

घाटाच्या वाटेवर प्रत्येक राजवटीने पैसा ओतला, हेही ध्यानात घेतले पाहिजे. बोरघाटातला चाकांचा रस्ता १८३० साली खुला झाला आणि १८६३ साली तेथून रेल्वे चढली. त्याला कारण होते. पुण्याला लष्कर होते, पलीकडे कापूस होता. कोकणात काय होते? गिरणीला आणि फौजेला पुरविण्यासाठी माणसे होती. पण माणसे आगबोटीनेही येत होती.

१९६१ पर्यंत तर खालचा रस्ता पत्रादेवीला परक्या सत्तेच्या सीमेवर जाऊन थांबे. गोवामुक्तीनंतर तो राष्ट्रीय महामार्ग म्हणून पुढे गेला. त्याचा क्रमांक १७ होता, २०१० च्या नव्या क्रमवारीत तो ६६ झाला. आगबोटी १९८० च्या दशकाच्या अखेरीस थांबल्या. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ च्या जानेवारीत. मधली दहा वर्षे कोकणी माणसाला एस.टी. आणि तो एकपदरी मनाचा रस्ता एवढाच आधार होता. रेल्वेने मात्र भूगोलाशी तडजोड केली नाही. सोंडा आडव्या आल्या तेथे बोगदे पाडले, त्यांतला रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरांचा आहे. सरळ वाट जलदही होऊ शकते, याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरा नसेल.

रस्त्याच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, पुढे कोल्हापूरपर्यंत चौपदरी रस्ता झाला, आणि ज्याला गोव्याला पोहोचण्याची घाई होती तो मुकाट्याने वरून जाऊ लागला. आमच्यासारखाच. खालच्या रस्त्याचे चौपदरीकरण २०११ साली सुरू झाले. दशक उलटले तरी ते अपुरेच होते. आमच्या मते या दोन गोष्टींचा संबंध आहे. ज्याच्या तक्रारीला वजन असते, तो प्रवासी त्या रस्त्यावरून निघून गेला होता. मागे उरले ते ज्यांचे गावच त्या रस्त्यावर आहे असे. जयगडच्या किंवा राजापूरच्या माणसाला 'वरून' असा पर्याय नसतो.

२०१४ ला परतताना आमच्या बसेस महाडजवळ पोहोचल्या तेव्हा पहाटेचे तीन वाजले असतील. जपमाळ केव्हाच संपली होती, सगळे झोपले होते. सावित्रीवरचा जुना दगडी पूल आम्ही ओलांडला, तो केव्हा आला आणि केव्हा गेला हे कळलेही नाही. १९२८ साली बांधलेला तो पूल २०१६ च्या २ ऑगस्टच्या रात्री पुरात वाहून गेला. त्यासोबत दोन एस.टी. बसेस आणि इतर वाहने गेली. एक बस जयगडहून मुंबईला येत होती, दुसरी राजापूरहून बोरिवलीला. बातमी ऐकल्यावर आम्ही यात्रेच्या वेळची वही काढली आणि दोन्ही बसमधल्या नावांची यादी वाचीत बसलो. का, ते सांगता येणार नाही.

नवा पूल पुढच्याच पावसाळ्यापूर्वी उभा राहिला. इतक्या लवकर होऊ शकत होता, तर!

वरचा रस्ता निर्धोक आहे असेही कुणी समजू नये. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेचे पाणी कोल्हापूरजवळ शिरोलीला महामार्गावर आले आणि तो कित्येक दिवस बंद राहिला. २०२१ च्या जुलैत तर एकाच आठवड्यात तेथे पाणी आले आणि इकडे चिपळूण बुडून वाशिष्ठीचा पूल खचला. वरून नाही, खालून नाही, अशी स्थिती झाली.

२०२४ च्या शवदर्शनाला पुन्हा आवारात सभा भरली. निवृत्त गृहस्थ आता हयात नव्हते. ड्रायव्हर दुसरा होता, पण सल्ला तोच होता. या वेळी आम्ही आमचा अधिकार वापरला आणि जाताना खालून जायचे ठरवले. कशेडीचा नवा बोगदा काही मिनिटांत पार झाला. पुढे संगमेश्वराकडे अर्धवट पुलांच्या खांबांमधून वळणे घेत जाताना मागच्या बाकांवरून कुरकुर ऐकू आली. पण त्याआधी, महाडला, आम्ही गाडी थांबवली होती. नदीला पाणी थोडेच होते. एका मुलाने विचारले, "फादर, जुना पूल कुठे होता?" आम्ही हाताने दाखवले, आणि बसमधली ज्येष्ठ मंडळी एकेक करून काठीच्या आधाराने खाली उतरू लागली.