न्यायिक यातना : सावित्रीचे खोरे, मराठी राज्य आणि युरोप

न्यायिक यातना म्हणजे सत्तेने आपल्या ताब्यातील माणसाला जाणूनबुजून, कामकाजाचा भाग म्हणून दिलेली शारीरिक पीडा. तिचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. गुन्हा शाबीत झाल्यावर दिलेली पीडा ही शिक्षा. गुन्हा शाबीत करण्यासाठी, म्हणजे कबुली, साथीदारांची नावे किंवा दडवलेला ऐवज काढून घेण्यासाठी दिलेली पीडा ही चौकशी. लोकस्मृतीत शिक्षा टिकून राहते, कारण ती चारचौघांसमोर होते. चौकशी बंद दाराआड होते आणि तिचा माग कागदांतूनच काढावा लागतो. असा माग सावित्रीच्या खोऱ्यापासून काढता येतो. रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे या खोऱ्यातले तानाजी मालुसरे यांचे गाव. त्याच्या भोवतालच्या डोंगरांत रायगड, प्रतापगड, चंद्रगड आणि कांगोरी ऊर्फ मंगळगड हे किल्ले आहेत. मोऱ्यांची जावळी १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी घेतली तेव्हापासून १८१८ पर्यंत न्याय, शिक्षा आणि कैद यांचा बराच इतिहास या पट्ट्यात घडला. तो युरोपच्या इतिहासाशेजारी ठेवला की एक गोष्ट स्पष्ट होते. चौकशीतील यातना एखाद्या समाजाच्या अंगभूत क्रूरपणातून उगवत नाही. ज्याला उत्तर हवे आहे त्याच्याच ताब्यात आरोपीचे शरीर असते आणि त्यानेच लिहून घेतलेला जबाब पुरावा मानला जातो, तिथे ती रुजते.

शिक्षेच्या बाबतीत मराठी राज्य सौम्य होते असे म्हणता येणार नाही. रांझे गावचा पाटील बाबाजी गुजर याने बदअंमल केला म्हणून त्याचे हातपाय तोडल्याचा उल्लेख शिवाजी महाराजांच्या २८ जानेवारी १६४६ च्या पत्रात आहे. त्याच कुळातील सोनजी गुजराने त्या जायबंदी माणसाला आपल्या हवाली मागून घेतले आणि पाटीलकी त्याच्याकडे गेली. हातपाय तोडण्याची ही शिक्षा चौरंग करणे म्हणून ओळखली जाते. रायगडाच्या टकमक टोकावरून अपराध्यांचा कडेलोट होत असे ही आठवण महाड-पोलादपूरच्या गावांत आजही सांगितली जाते. संभाजी महाराजांविरुद्धच्या कटात सापडलेल्या अण्णाजी दत्तो यांना १६८१ मध्ये हत्तीच्या पायी देण्यात आले. सदाशिवरावभाऊंचे नाव घेऊन कोकणातले किल्ले काबीज करणारा तोतया आंग्र्यांच्या मुलखात पकडला गेला आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला मेखसूने, म्हणजे मेखा ठोकायच्या हातोड्याने, ठार करण्यात आले. याच शतकात, १७५७ मध्ये, पॅरिसच्या चौकात राजावर चाकू चालवणाऱ्या दामियँचे शरीर घोडे लावून फाडले गेले, आणि १७६२ मध्ये तुलूझ येथे जाँ कालास या व्यापाऱ्याला चाकावर बांधून त्याची हाडे मोडली गेली. शिक्षेतील क्रौर्याची तुलना करत बसलो तर दोन्ही प्रदेशांत फारसा फरक हाती लागत नाही. फरक दिसतो तो शिक्षेच्या आधी, पुराव्याच्या टप्प्यावर.

सतराव्या शतकातील वतनाचा वाद कसा चाले ते महजर, म्हणजे सभेसमक्ष केलेले दस्त, आणि निवाडपत्रे यांतून तपशिलाने कळते. अग्रवादी (वादी) आणि पश्चिमवादी (प्रतिवादी) गोतसभेपुढे येत, आपापली तकरीर (कैफियत) लिहून देत, निवाडा मान्य करण्याचा राजीनामा आणि जामीन देत. मग कागदपत्रे पाहिली जात, शेजारच्या गावांचे साक्षीदार देवाची शपथ घालून बोलावले जात. सभेत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्याबरोबर बलुतेदारही बसत आणि ज्यांना लिहिता येत नसे ते नांगर, आरी अशी आपल्या धंद्याची निशाणी कागदावर उमटवत. जिंकणारा सरकारला हरकी (जिंकल्याची भेट) देई, हरणाऱ्यावर गुन्हेगारी (दंड) बसे. कागद आणि साक्षी दोन्ही थकले म्हणजे दिव्य. रव्याच्या दिव्यात उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा असे. नंतर हातावर पिशवी बांधून मोहर केली जाई आणि ठरल्या दिवशी ती सर्वांसमक्ष उघडून हात पाहिला जाई. या साऱ्या रचनेत वादीच्या तोंडून कबुली काढण्याची कोणालाच गरज नव्हती. निवाडा अनेकांच्या डोळ्यांसमोर होई आणि त्यावर अनेकांच्या निशाण्या असत.

युरोपातही आधी असेच होते. तापलेले लोखंड हातात धरणे, पाण्यात सोडणे अशी दिव्ये धर्मगुरूंच्या मंत्रोच्चाराने चालत. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना त्यांत भाग घेण्यास मनाई केली आणि दिव्याचा आधारच निघाला. पुढे युरोप खंडावरच्या न्यायालयांनी रोमन कायद्यावर बेतलेली पुराव्याची नवी पद्धत उचलली. देहान्त शिक्षेसाठी दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हवेत, नाहीतर आरोपीची कबुली. परिस्थितिजन्य पुरावा कितीही भक्कम असला तरी तो अर्धाच. हा नियम निरपराध माणसाच्या रक्षणासाठी होता, आणि त्यानेच यातनागृहाचे दार उघडले. कारण चोरून केलेल्या खुनाला दोन साक्षीदार मिळणार कुठून? अर्ध्या पुराव्यावर शिक्षा देता येत नसे, पण यातना देता येत असे. पोप चौथा इनोसंट याने १२५२ मध्ये पाखंड्यांच्या चौकशीत यातनेला परवानगी दिली. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या १५३२ च्या फौजदारी संहितेत ती केव्हा द्यावी याचे नियम आहेत: आधी सबळ संशय हवा, सूचक प्रश्न विचारू नयेत, खऱ्या गुन्हेगारालाच ठाऊक असेल असा तपशील मिळवावा, आणि कबुली नंतर यातनेविना पुन्हा वदवून घ्यावी. कबुली फिरवणाऱ्याला मात्र परत यातनेला नेता येई. संशय घेणारा, पीडा देणारा, लिहून घेणारा आणि निकाल देणारा न्यायाधीश एकच, त्यामुळे हे नियम मोडले तर विचारणारे कोणी नव्हते. इंग्लंडने दिव्याच्या जागी ज्यूरी आणली. ज्यूरीला कबुलीची अट नसल्याने तिथल्या साध्या फौजदारी न्यायात यातना रुजली नाही. प्रिव्ही कौन्सिलच्या हुकमाने ती दिली गेली, विशेषतः १५४० ते १६४० या काळात आणि बव्हंशी राजद्रोहाच्या प्रकरणांत. म्हणजे जिथे सरकारला स्वतःला उत्तर हवे होते तिथेच.

यावर पहिला आक्षेप असा की उकळत्या तेलात हात घालायला लावणे हीही यातनाच आहे, मग गोतसभेची एवढी तरफदारी कशाला? दिव्य क्रूर होते आणि बलाढ्य प्रतिपक्षापुढे ते अंगावर घेणे पूर्णपणे स्वेच्छेचे असेल असेही नाही. पण पीडेचे काम दोन्हीकडे निराळे आहे. दिव्यात पीडा एकदाच, ठरलेल्या विधीने होते. माणसाने काय बोलावे यावर ती अवलंबून नसते. चौकशीतील यातना हवे ते उत्तर येईपर्यंत चालते आणि उत्तर आले की थांबते. त्यामुळे दिव्य चुकीचा निकाल देऊ शकते, पण खोटी गोष्ट रचून घेऊ शकत नाही. यातना ते करते, आणि एका खोट्या कबुलीतून दहा नवी नावे बाहेर पडतात. जर्मनीतील चेटकीण-खटल्यांमध्ये नेमके हेच घडत होते, आणि फ्रीडरिश श्पे या जेझुइट पाद्र्याने १६३१ मध्ये ग्रंथ लिहून ते उघड केले. त्याच्याही चौदा शतके आधी रोमन विधिज्ञ उल्पियन याने बजावून ठेवले होते की यातना भरवशाची नाही: सोसण्याची ताकद असलेला काहीच सांगत नाही, आणि नसलेला वाटेल ते सांगतो.

युरोपची ही पद्धत मराठी मुलखाच्या दाराशी प्रत्यक्ष येऊन बसली होती. गोव्यातील इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झाले आणि मधला काही काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. शार्ल देलों हा फ्रेंच वैद्य दमणमध्ये पकडला जाऊन गोव्यात कैदेत होता. १६८७ मध्ये छापलेल्या त्याच्या वृत्तान्तात पहाटे कोठडीपर्यंत येणाऱ्या यातनेच्या किंकाळ्यांचा उल्लेख आहे. आरोप काय आणि तो कोणी केला हे कैद्याला सांगत नसत. त्यानेच आपला अपराध ओळखून कबूल करावा अशी अपेक्षा असे. चौकशीतील यातनेचे दुसरे उदाहरण मोगल छावणीतले. संभाजी महाराज १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला पकडले गेले. खजिना कुठे आहे आणि बादशाही अंमलदारांपैकी कोण तुम्हाला फितूर आहे, असे दोन प्रश्न त्यांना विचारले गेल्याचे मोगल बाजूच्या लेखनात आहे. त्यांचे डोळे काढले गेले, जीभ कापली गेली आणि ११ मार्चला त्यांना ठार करण्यात आले. उत्तर मिळाले नाही. जीभ कापल्यावर चौकशी संपलेलीच असते. तिथून पुढचे सारे सूड आणि दहशत. महाराष्ट्राच्या मनावरची ही जखम अजून ओली आहे आणि ती तशी असणे स्वाभाविक आहे, पण या घटनेकडे केवळ एका बादशहाचा स्वभाव म्हणून पाहिले तर तिच्यातली व्यवस्था नजरेआड होते.

यातना युरोपात का संपली याचे नेहमीचे उत्तर बेकारिया आणि व्होल्तेर हे तिच्यावर टीका करणारे विचारवंत असे दिले जाते. बेकारियाचा ग्रंथ १७६४ चा. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने मात्र १७४० मध्येच यातनेवर जवळजवळ बंदी घातली होती. ऑस्ट्रियात ती १७७६ मध्ये गेली, फ्रान्समध्ये १७८० आणि १७८८ अशा दोन टप्प्यांत. अमेरिकन कायदा-इतिहासकार जॉन लँगबाइन यांनी १९७७ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण मला अधिक पटते: गलबतावरची वल्हेमजुरी, श्रमगृहे, हद्दपारी अशा नव्या शिक्षा आल्या, त्या पूर्ण पुराव्याविना देता येऊ लागल्या आणि कबुलीची निकड आपोआप ओसरली. विचारवंतांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. मोकळी झालेली जागा परत भरू नये हे काम त्यांनी केले. हे स्पष्टीकरण सह्याद्रीलाही काही अंशी लागू पडते. पेशवाईत संशयित किंवा नकोशा माणसाला किल्ल्यावर घालण्याची सोय होती. कारभारी सखारामबापू बोकील यांना नाना फडणिसांनी कैदेत टाकले आणि १७८१ मध्ये ते रायगडावर वारले. १८१७ मध्ये पकडलेले हंटर आणि मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी आधी कांगोरीवर आणि मग वासोट्यावर ठेवले गेले. उमरठच्या परिसरातला माणूस हे किल्ले पराक्रमाची ठिकाणे म्हणून ओळखतो. ते तुरुंगही होते, आणि अपुऱ्या अन्नावर, ओल्या अंधारकोठडीत माणसाला वर्षानुवर्षे विसरून जाणे ही संथ यातनाच होती. कबुलीची गरज मात्र तिला नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मराठी राज्यात चोरी-दरोड्याच्या तपासात मारझोड होतच होती. ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी एल्फिन्स्टन याने १८१९ च्या अहवालात कबुलीसाठी यातना दिल्या जात असल्याचे नोंदले आहे. सारावसुलीत तर पुराव्याचा प्रश्नच नसतो, तरी पीडा असते. मद्रास इलाख्यातील यातना-चौकशी आयोगाने १८५५ मध्ये कंपनीच्याच वसुली कामगारांचे प्रकार उजेडात आणले: बोटे लाकडी चिमट्यात दाबणे, मान पायाशी बांधून माणसाला वाकवून ठेवणे, डोळ्यांत मिरची, डोक्यावर उन्हाचा मारा. मग पुराव्याच्या कायद्याला दोष देण्यात काय अर्थ? अर्थ असा की गोतसभा आणि कोतवालाची चौकी यांतला फरक हाच इथला निर्णायक फरक आहे. वतनाच्या वादात सरकारला दोघांपैकी कोणीही जिंकला तरी चालत होते. चोरीचा माल आणि थकलेला सारा या गोष्टी मात्र वसूल करणाऱ्याला स्वतःलाच हव्या होत्या, आणि ज्याच्याकडून हव्या तो त्याच्याच हातात होता. एकाच राज्यात, एकाच काळात, त्याच माणसांच्या हातून एकीकडे साक्षी-महजर आणि दुसरीकडे मारझोड असे दोन्ही दिसते, म्हणून हा स्वभावाचा प्रश्न राहत नाही. कंपनीचे अधिकारी याला देशी लोकांची जुनी खोड म्हणत. वसुलीचा आकडा त्यांनीच ठरवला होता, आणि तो जमा झाला की कसा जमा झाला हे विचारले जात नव्हते.

मद्रासच्या अहवालानंतर आलेल्या कायद्यांनी नेमकी हीच गाठ सोडवायचा प्रयत्न केला. भारतीय दंड संहितेने कबुलीसाठी इजा करणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला. १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने आणि पुढे १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या कलम २५ ने पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली पुराव्यातून वगळली. ज्याच्या ताब्यात शरीर, त्याच्या कागदाला किंमत नाही, असे हे तत्त्व. पण कलम २७ ने एक फट ठेवली. आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू सापडली तर तेवढे सांगणे ग्राह्य. हत्यार जप्तीच्या पंचनाम्यांवर उभे राहिलेले असंख्य खटले या फटीतूनच येतात. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात दोन्ही तरतुदी कलम २३ मध्ये एकत्र कायम आहेत. महाराष्ट्राने १९९९ च्या संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात, म्हणजे मकोकात, याहून मोठे दार उघडले: कलम १८ नुसार पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली पुरावा म्हणून चालते. टोळ्यांविरुद्ध साक्षीदार पुढे येत नाहीत, म्हणून ही सूट हवी, असे तिचे समर्थक म्हणतात. अडचण खरी आहे, आणि दोन साक्षीदार न मिळणाऱ्या युरोपीय न्यायाधीशाचीही अडचण हीच होती. ११ जुलै २००६ च्या मुंबई उपनगरी रेल्वेतील बॉम्बस्फोटांच्या खटल्यात विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी धरले, त्यांतील पाच जणांना फाशी सुनावली. मकोकाखालील कबुलीजबाब हा त्या निकालाचा महत्त्वाचा आधार होता. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवताना हे जबाब फेटाळले. वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांतील मजकूर एकसारखा आढळल्याचे आणि ते छळातून घेतल्याचा बचाव ग्राह्य असल्याचे म्हटले. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. यातनेविरुद्धच्या स्वतंत्र कायद्याचेही असेच अडलेले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या यातनाविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली आहे, अनुसमर्थन केलेले नाही. २०१० मध्ये लोकसभेने मंजूर केलेले यातना प्रतिबंधक विधेयक राज्यसभेत अडकून पुढे व्यपगत झाले, आणि विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३ व्या अहवालासोबत दिलेला कायद्याचा मसुदाही संमत झालेला नाही.