उपपत्ती कोणी सांगायची?

मागच्या पावसाळ्यात घाटंजीकडचा एक विद्यार्थी आमच्या मराठी विभागात आला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीला विज्ञान शाखा आणि गणित एकाएकी इंग्रजीत. शब्दांचे अर्थ विचारील, असे आम्हांस वाटले. त्याने विचारले ते वेगळेच : "सर, वजातून वजा गेले की अधिक होते, हे गाईडमध्ये आहे. मी तसे लिहितोही. पण का होते?" यवतमाळात शिकवणी वर्गांची वाण नाही, तरी हा 'का' घेऊन मुलाला मराठीच्या दारात यावे लागले, याचे आम्हांला नवल वाटले आणि थोडी शरमही. आम्हांलाही ते सांगता येईना.

गणितातील अवघड जागी मदत मागणे हे आपल्याकडे जुनेच आहे. भास्कराचार्यांची 'लीलावती' इ.स. ११५० ची. तिच्यातील सूत्रे इतकी आटीव की शिकवणाऱ्यावाचून ती उलगडत नाहीत. म्हणूनच भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापला. १२०७ मधील दानाचा शिलालेख तेथे आहे. आमच्या विद्यार्थ्यांना तो जुन्या मराठीचा नमुना म्हणून ठाऊक असतो. त्याचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. मराठी येते ती शेवटी, कोणी मठाला काय द्यावयाचे हे नोंदवताना. विद्या संस्कृतात, देण्याघेण्याचा हिशेब मराठीत! ही वाटणी आम्ही वर्गात अनेकदा सांगितली होती, पण तिची बोच त्या मुलाच्या प्रश्नानंतर जाणवली.

पाठ करण्याजोग्या सूत्राला जिवंत ठेवले ते टीकाकारांनी. मराठीत 'टीका' म्हणजे दोष काढणे असा अर्थ रूढ झाला, हे या शब्दाचे दुर्दैव. एरवी 'भावार्थदीपिका'ही टीकाच की! कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' लिहिली आणि नियमांच्या उपपत्ती दिल्या. उपपत्ती म्हणजे नियम असाच का, याची फोड.

पुढचे नाव आमच्या विदर्भाचे. पयोष्णीच्या काठच्या दधिग्रामातील एक दैवज्ञ घराणे काशीला जाऊन राहिले. त्या घरातील कृष्ण दैवज्ञांनी भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर 'बीजपल्लव' ही टीका रचली, सतराव्या शतकाच्या उंबरठ्यावर. गणेश दैवज्ञांच्या पुतण्याचे शिष्य विष्णू हे त्यांचे गुरू. म्हणजे कोकणातली विद्या शिष्यपरंपरेने वैदर्भीयांपर्यंत आली होती. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात या घराण्याची हकीकत मराठीत आणली.

आम्ही गणिताच्या सहकाऱ्याकडून 'बीजपल्लवा'तील ऋणसंख्येचे विवेचन समजून घेतले, आणि आमच्या विद्यार्थ्याचाच प्रश्न तेथे उभा दिसला. कृष्ण दैवज्ञ म्हणतात, ऋणत्व म्हणजे उलटेपणा. तो स्थळाचा, काळाचा किंवा वस्तूचा असतो. मग ते स्थळाचे उदाहरण घेतात. काशीच्या पूर्वेस १५ योजनांवर पाटणा, पश्चिमेस ८ योजनांवर प्रयाग. पूर्व धन मानली तर पश्चिम ऋण. दोन गावांतले अंतर काढायचे म्हणजे एकातून दुसरे वजा करायचे. पण १५ मधून ८ काढून ७ योजने सांगणारा वाटसरू वाटेतच राहील. अंतर तर २३ योजने आहे. म्हणजे ऋण ८ वजा करताना ८ मिळवावेच लागतात. नियम आज्ञेसारखा येत नाही, रस्त्यावरून चालत येतो.

हे सारे संस्कृतात होते, हे विसरून चालणार नाही. ते किती जणांपर्यंत पोहोचले असेल? आज संस्कृतच्या जागी इंग्रजी आली आहे, आणि उपपत्तीच्या जागी उत्तरांची पायरीवार नक्कल. पहिल्या बदलापेक्षा दुसरा आम्हांला अधिक घातक वाटतो. मराठीत गणिताची परिभाषा नाही ही सबब तर मुळीच टिकत नाही. धन, ऋण, वर्गमूळ हे शब्द मराठी शाळांत पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले आहेत.

तो मुलगा पुन्हा आला तेव्हा आम्ही एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या पाठीवर रेघ ओढली. मध्ये यवतमाळ, पूर्वेला कळंब, पश्चिमेला दारव्हा. काशी-प्रयागाची गरजच उरली नाही. त्याने बोट फिरवून अंतर मोजले, मान हलवली आणि लगेच विचारले, "बरं, पण ऋणाला ऋणाने गुणले की धन कसे?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि त्याला घेऊन गणित विभागाकडे निघालो.