वेताळ टेकडी आणि व्हॅनेडियम पेंटॉक्साइड

१९६६ साली स्थापन झालेली ‘एआरएआय’ ही वाहनसंशोधन संस्था पुण्यातील कोथरूडच्या वेताळ टेकडीवर वसली असून, वाहनांच्या धुराच्या चाचण्यांमुळे या परिसराचे नाव भारतीय वाहनउद्योगाच्या इतिहासाशी जोडले गेले आहे. या इतिहासात व्हॅनेडियम पेंटॉक्साइड या संयुगालाही स्थान आहे. नारिंगी-पिवळ्या रंगाच्या या भुकटीतील व्हॅनेडियम ऑक्सिजन सहज देते आणि पुन्हा स्वीकारते. त्यामुळे हे संयुग उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ, ठरते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गंधकाम्लाच्या निर्मितीत त्याने महागड्या प्लॅटिनमची जागा घेतली. पुढे टायटॅनियम डायऑक्साइडच्या आधारावर बसवलेले हेच संयुग, युरियापासून मिळणाऱ्या अमोनियाच्या साहाय्याने, डिझेलच्या धुरातील नायट्रोजनच्या घातक ऑक्साइडांचे निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाण्यात रूपांतर करू लागले. मात्र अतितापमानात ते बाष्परूपाने निसटू शकते आणि ते विषारी असल्याने अनेक ठिकाणी तांबे किंवा लोहयुक्त झिओलाइट, म्हणजे सच्छिद्र स्फटिकी खनिज, वापरले जाते. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ या वाहनांच्या धुराविषयीच्या मानकांनी अशा उत्प्रेरकांना अवजड डिझेल वाहनांत अटळ स्थान दिले. शहराच्या श्वासाचे रक्षण करणाऱ्या या रसायनविज्ञानाची नोंद पुण्याच्या औद्योगिक इतिहासात आवर्जून व्हायला हवी.