नोंदवही कोणाच्या हाती?

इतिहास वाचताना मी एक प्रश्न आधी विचारतो : नोंदवही कोणाच्या हाती होती? अमेरिकेतील चिनी समाजाचा वंशद्वेषाविरुद्धचा लढाही मी याच प्रश्नाने तपासतो.

ज्यांच्या घामावर अमेरिकेचे लोहमार्ग उभे राहिले, त्या चिनी मजुरांना १८८२ साली त्या देशाने प्रवेशबंदी केली. १८९२ चा गिअरी कायदा त्याहून अघोरी. आधीपासून राहणाऱ्या चिनी मजुराने वर्षभरात रहिवासाचा दाखला घ्यायचा. दाखल्याविना सापडला तर हद्दपारी. दाखला काही अपरिहार्य कारणाने राहून गेला असेल, तर त्याच्या रहिवासाला निदान एक गोरा साक्षीदार हवा! चिनी माणसाच्या शब्दाला चिनी माणसासाठीही किंमत नव्हती.

या अपमानाला उत्तर मिळाले. ‘सिक्स कंपनीज’ या चिनी संघटनेने ‘दाखला घेऊ नका’ असे आवाहन केले. मुदत संपली तेव्हा बहुसंख्य चिनी मजुरांनी नोंदणी केलेलीच नव्हती. परंतु १८९३ साली फाँग यू टिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला आणि वाढीव मुदतीत लोकांना दाखले घ्यावेच लागले. प्रवेशबंदी उठायला १९४३ उजाडले.

२०२० साली कोरोनाची साथ आली आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प जाहीरपणे ‘चिनी विषाणू’ म्हणू लागले. रस्त्यात, दुकानांत आशियाई चेहऱ्यांवर थुंकणे, शिव्या देणे सुरू झाले. तेव्हा १९ मार्च २०२० रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील ‘चायनीज फॉर ॲफर्मेटिव्ह ॲक्शन’ने आणखी दोन संस्थांसह ‘स्टॉप एएपीआय हेट’ हे संकेतस्थळ उघडले. पीडिताने स्वतःच्या भाषेत आपबीती लिहावी, एवढीच मागणी. साक्षीदाराचा रंग कोणी विचारला नाही. २०२१ अखेर तेथे १०,९०५ घटना जमा झाल्या. त्यांतील कित्येक कायद्याच्या व्याख्येत गुन्हा ठरत नव्हत्या. म्हणून पोलिसांच्या दप्तरी त्या कधीच पोहोचल्या नसत्या. २० मे २०२१ रोजी द्वेषगुन्ह्यांविरुद्धचा नवा कायदा झाला. अनेक भाषांतून ऑनलाइन तक्रार करण्याच्या सोयीचा त्यात उल्लेख आहे.

या कायद्याने वंशद्वेष संपला, असा भाबडा दावा मी करणार नाही. पण १८९२ साली सत्ता ज्यांची नोंद करीत होती, त्यांच्याच वारसांनी २०२० साली सत्तेच्या समाजाची नोंद केली. शोषितांच्या इतिहासात हा पालट मला कोणत्याही कायद्याहून मोठा वाटतो.