समुद्रापलीकडचा गाईड

दूरशिक्षणातून बी.ए. करता येतं, एम.ए. करता येतं, पीएच.डी. मात्र नाही. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनी ती वाट बंद केली, आणि २०२२ च्या नव्या नियमांतही ती बंदच आहे. भीती समजण्यासारखी आहे. गाईड आणि विद्यार्थी समोरासमोर बसलेच नाहीत, तर प्रबंध नक्की कोणी लिहिला?

पण मंडळी, दोष खरंच अंतराचा आहे का? एक जुनी केस बघू.

१९१६ साली बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ मध्ये बडोद्याची शिष्यवृत्ती संपली, परतावं लागलं. विद्यापीठाने मात्र चार वर्षांच्या आत येऊन काम पुरं करायची मुभा दिली. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, मित्राकडून उसने पैसे... आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. ऑक्टोबर १९२२ मध्ये डी.एस्सी.चा प्रबंध दिला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी आक्षेप घेतले: पुन्हा लिहा! पैसे संपलेले, त्यामुळे बाबासाहेब मुंबईला आले. इथे बसून त्यांनी प्रबंध दुरुस्त केला आणि बोटीच्या टपालाने लंडनला पाठवला. त्याच वर्षी पदवी मिळाली, आणि 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' छापूनही आलं.

खरी गंमत प्रस्तावनेत आहे. ती गाईड एडविन कॅनन यांची. रुपयाच्या तत्कालीन सुवर्ण-विनिमय पद्धतीला बाबासाहेबांचा विरोध होता. कॅनन सरळ लिहितात की हा विरोध आपल्याला मान्य नाही, बरेचसे युक्तिवादही पटत नाहीत. पण काही मुद्दे अगदी वर्मी बसलेत आणि विचारात ताजेपणा आहे. म्हणजे काय, तर गाईडने प्रबंध शब्द न् शब्द वाचला होता, आणि न पटणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीशी उभं राहायची त्याची तयारी होती.

आम्ही आयटीवाले कधीही न भेटलेल्या माणसाचा कोड तपासतो. ते चालतं, कारण प्रत्येक शेरा लेखी असतो, तारखेसकट. उलट शेजारच्या टेबलावरचा सहकारी न वाचताच 'ठीक आहे' म्हणू शकतो. जवळ असणं म्हणजे वाचणं नव्हे.

बाबासाहेबांना अंतराने नाही, पैशाने अडवलं. आजही नंदुरबारच्या एखाद्या शिक्षिकेला नोकरी आणि घर सोडून विद्यापीठाच्या गावी राहणं परवडत नाही. तिच्यासाठी नियम थोडा वेगळा करता येईल: गाईडने प्रत्येक प्रकरणावर लेखी शेरे द्यावेत, ते जपून ठेवावेत, आणि तोंडी परीक्षेत परीक्षकांनी ते समोर घ्यावेत. प्रबंध कोणी लिहिला ते हजेरीपटापेक्षा त्या कागदांवरून लवकर कळेल.