ग्रंथक्रमांकाची कथा

ग्रंथालयाच्या दाखल नोंदवहीत ग्रंथाला एकदा क्रमांक मिळाला की तो कायमचा त्याचाच. ग्रंथ जीर्ण होऊन बाद झाला, तरी तो क्रमांक दुसऱ्यास देऊ नये, असा संकेत आहे. कारण दोन ग्रंथांना एकच क्रमांक पडला, तर वाचकाच्या लेखी त्यांतला एक हरवल्यासारखाच होतो. शाईच्या वहीत ९९९९ नंतर १०००० लिहिण्यास आडकाठी नसते. संगणकाच्या वहीत मात्र रकान्याची रुंदी आधीच ठरवावी लागते.

ब्रिटनमध्ये पुस्तकांच्या गोदामांचा हिशेब संगणकावर नेण्याची गरज भासू लागली, तेव्हा संख्याशास्त्रज्ञ गॉर्डन फॉस्टर यांनी आखलेली नऊ अंकी ग्रंथक्रमांकाची पद्धत १९६७ मध्ये तेथे सुरू झाली. तिच्याच विस्तारातून १९७० मध्ये दहा अंकी आंतरराष्ट्रीय प्रमाण ग्रंथ क्रमांक, म्हणजेच आयएसबीएन, सिद्ध झाला. त्यातील शेवटचा अंक पडताळ्याचा. अकराच्या भागाकारावर बेतलेल्या या पडताळ्यात कधी दहा येत. एका स्थानी दोन अंक मावत नसल्याने तेथे 'एक्स' हे रोमन चिन्ह लिहीत.

उरलेल्या नऊ अंकांत शंभर कोटी क्रमांक बसतात. पण त्यांची वाटणी देश, भाषा आणि प्रकाशक यांच्यात गटागटाने झाली. शंभरांचा गट घेऊन दहाच पुस्तके काढणाऱ्या प्रकाशकाचे नव्वद क्रमांक पडून राहत. अशा रीतीने टंचाई जाणवू लागली आणि १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी क्रमांक रूढ झाला. जुन्या क्रमांकांआधी ९७८ जोडून पडताळ्याचा अंक नव्याने काढण्यात आला. पुढील वाढीसाठी ९७९ हा उपसर्ग ठेवला. ९७९ ने सुरू होणाऱ्या क्रमांकाला दहा अंकी रूपच नाही. त्यामुळे दहा स्थानांचा रकाना असलेल्या सूचींना तो रुंद करणे भाग पडले.

रकाना संख्येचा ठेवला तर आणखी एक अडचण येते. बत्तीस बिटांच्या नेहमीच्या पूर्णांकात २,१४,७४,८३,६४७ पर्यंतचीच संख्या मावते. भारतीय ग्रंथांचे ८१ ने सुरू होणारे दहा अंकी क्रमांक त्याबाहेर जातात. इंग्रजी ग्रंथांच्या क्रमांकांतील आरंभीचे शून्य गळते आणि 'एक्स' तर संख्याच नव्हे. सबब ग्रंथक्रमांक दिसायला आकडा असला, तरी तो अक्षरांप्रमाणे जपावा लागतो.

जुन्या दाखल नोंदवह्या संगणकावर उतरवणाऱ्या ग्रंथालयांना यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. रकाना ऐसपैस ठेवावा आणि बाद ग्रंथांचे क्रमांक रिकामेच राहू द्यावेत. शंभर वर्षांनंतर येणाऱ्या वाचकाच्या ग्रंथालाही त्या वहीत जागा मिळाली पाहिजे.